कंटेनरचं भाडं विचारण्याआधी: बडोद्यातल्या नव्या आयातदारासाठी

मकरपुरा जीआयडीसीतून, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीतून, महिन्याला दोन-तीन फोन तरी असे येतातच. "काका, चायनाचं भाडं सध्या काय चाललंय?" मी विचारतो, कुठल्या बंदरातून? माल किती घनमीटर, वजन किती? एफओबी (जहाजाचं भाडं तुमच्याकडे) घेतलाय की सीआयएफ (भाडं आणि विमा सप्लायरच्या किमतीत)? पलीकडे शांतता. मग, "तरी पण, अंदाजे सांगा ना!" खंडेराव मार्केटात जाऊन "भाजी काय भाव?" असं कोणी विचारत नाही. वांगी की गवार, एवढं तरी सांगावं लागतं.

फॉरवर्डिंगच्या, म्हणजे लोकांचा माल जहाजाने आणून-पाठवून देण्याच्या, धंद्यात मला बावीस वर्षं झाली. आधी नोकरी, आता दांडिया बाजारात दोन टेबलांचं ऑफिस. त्या फोनवर जे सांगायला वेळ मिळत नाही ते इथे लिहितोय. उदाहरणं चीनची घेतली आहेत, कारण आपल्याकडचे बहुतेक नवे आयातदार तिथूनच सुरुवात करतात.

आधी कागद आणि एचएस कोड

आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा कोड, डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर ५०० रुपयांत निघतो. त्याचा नंबर म्हणजे तुमचा पॅन. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अपडेट करायचा, काही बदललं नसलं तरी. बँकेकडून एडी कोडचं (परकीय चलनाचा व्यवहार करणाऱ्या शाखेच्या नंबरचं) पत्र घ्या आणि कस्टम्सकडे नोंदवा. हे सगळं तुमचा सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम बघणारा एजंट, करून देतो.

एचएस कोड म्हणजे मालाच्या प्रकाराचा कस्टम्सचा नंबर, त्यावर मात्र घाई नको. खेळणी, स्टीलच्या बऱ्याच वस्तू, चार्जर-अडॅप्टर यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) प्रमाणपत्र लागतं. "माल निघू दे, इथे आल्यावर बघू" म्हणणारे मी पाहिलेत. भाडं एकदाच द्यावं लागतं, पण अडकलेल्या डब्याचं, म्हणजे कंटेनरचं, मीटर रोज चालतं. त्या मीटरबद्दल शेवटी लिहिलंय. तर ऑर्डर देण्याआधी सीएचएला मालाचा फोटो, कॅटलॉग आणि सप्लायरने दिलेला कोड दाखवा. सप्लायरचा कोड जसाच्या तसा घेऊ नका, पहिले सहा आकडे जुळले तरी पुढचे आपले असतात.

माल मोजा, आणि वजनही

वीस फुटी डब्याची आतली जागा साधारण ३३ घनमीटर, चाळीस फुटीची ६७, आणि चाळीस हाय क्यूबची (तेवढाच लांब, पण जास्त उंच) ७६. कागदावर. खोके, पॅलेट, मधली मोकळी जागा धरून वीस फुटीत प्रत्यक्षात २६ ते २८ घनमीटरच बसतं. सप्लायर "वीसमध्ये बसेल" म्हणाला तर पॅकिंग लिस्टवर प्रत्येक खोक्याचं माप मागा आणि स्वतः गुणाकार करा.

माल थोडा असेल तर एलसीएल, म्हणजे दुसऱ्यांच्या मालाबरोबर एकाच डब्यात. इथे भाडं घनमीटर किंवा टन, जे जास्त असेल त्यावर लागतं. गेल्या वर्षी एकाने बेअरिंग मागवली. दोन पॅलेट, प्रत्येक १.२ मीटर लांब, १ मीटर रुंद, १.१ मीटर उंच. मिळून २.६४ घनमीटर. पण वजन ३,४०० किलो, त्यामुळे बिल ३.४ वर आलं. लोखंड, कास्टिंग, फास्टनर यांचं हे नेहमीचं आहे. जीआयडीसीतल्या निम्म्या लोकांचा माल असाच जड असतो, म्हणून लिहितोय.

तेरा-पंधरा घनमीटरच्या पुढे गेलात की पूर्ण वीस फुटीचा रेटही विचारून ठेवा. बऱ्याचदा तोच परवडतो आणि माल कुणाच्या रांगेत अडकत नाही.

एफओबी की सीआयएफ: इथेच पहिली चूक होते

माझ्या सुरुवातीच्या काळातला एक प्रसंग सांगतो. वाघोडिया रोडवरचा एक कारखानदार, पहिलीच आयात, चीनच्या निंगबो बंदरातून अडीच घनमीटर माल. सप्लायरने दोन किमती दिल्या. सीआयएफ न्हावा शेवा ही एफओबीपेक्षा फक्त पंधरा डॉलर जास्त. गृहस्थ खूश. मला म्हणाले, "पंधरा डॉलरमध्ये तर इथून भरूचला टेम्पो जात नाही!" मीही नवा होतो, मान डोलावली.

माल आला, आणि डिलिव्हरी ऑर्डर (डीओ, माल सोडवायची चिठ्ठी) घ्यायला गेलो तेव्हा कागद हातात पडला. टीएचसी (बंदरातली हाताळणी), सीएफएस (बंदराबाहेरचं कंटेनर यार्ड आणि गोदाम) हँडलिंग, डीकन्सॉलिडेशन (डब्यातला माल सुटा करणं), डॉक्युमेंटेशन, डीओ फी, आणि डॉलरमध्ये लावलेला कसलासा 'इम्पोर्ट सर्व्हिस चार्ज', तोही प्रति घनमीटर. वर डॉलरचा भाव बँकेपेक्षा चार रुपयांनी चढा. एकूण एकेचाळीस हजार. भांडायला गेलो तर काउंटरवरचा माणूस शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमचा करार आमच्याशी नाहीच आहे." खरं होतं. फॉरवर्डर सप्लायरने निवडला होता, आणि आमचा माल मात्र त्या फॉरवर्डरच्या या इथल्या एजंटच्या ताब्यात होता.

यामागचं गणित पुढे कळलं. चीनमधले कन्सॉलिडेटर (अनेकांचा माल एका डब्यात भरणारे) सप्लायरला एलसीएलचं भाडं जवळजवळ शून्य लावतात, कधी वर पैसेही देतात, आणि ते इथल्या एजंटकडून वसूल करतात. एजंट तुमच्याकडून. म्हणून नव्या माणसाला माझा सल्ला एकच असतो: एफओबी घ्या आणि फॉरवर्डर तुम्ही नेमा. सीआयएफ घ्यायचंच असेल तर ऑर्डर देण्याआधी इथल्या एजंटचं नाव आणि त्याच्या चार्जेसची लेखी यादी मागवा. यादी द्यायला टाळाटाळ झाली तर काय समजायचं ते समजा.

एक्स वर्क्सच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका. सप्लायरच्या गेटपासून तिथल्या एक्स्पोर्ट क्लिअरन्सपर्यंत सगळं तुमच्या गळ्यात येतं.

रेट कसा मागायचा

दोन किंवा तीन फॉरवर्डरना, एकाच दिवशी, एकच मेसेज पाठवा. दहा जणांना नको. ते सगळे फिरून त्याच चार लाइनकडे, म्हणजे जहाज कंपन्यांकडे, जातात आणि लाइनला वाटतं मागणी दहापट आहे. मेसेज असा:

"एफओबी निंगबो, १ × ४० हाय क्यूब. हझिरा आणि न्हावा शेवा, दोन्हीचे रेट द्या. माल मशीनचे सुटे भाग, धोकादायक नाही, एकूण वजन ११ टन. माल १२ तारखेला तयार. भाडं सगळ्या सरचार्जसह एकच आकडा. लाइन कोणती, थेट की ट्रान्सशिपमेंट, किती दिवस. इथे २१ फ्री डेज हवेत. इथले सगळे चार्ज रुपयांत, वेगळे लिहा. डॉलरचा भाव कुठला लावणार. रेट कधीपर्यंत, आणि ती तारीख बुकिंगची की सेलिंगची?"

ट्रान्सशिपमेंट म्हणजे वाटेत जहाज बदलणं. फ्री डेज म्हणजे डबा बिनभाड्याने ठेवायचे दिवस, त्याबद्दल शेवटी. मेसेजमधला शेवटचा प्रश्न विसरू नका. पूर्वेकडून येणारे रेट साधारण पंधरवड्याचे असतात, १ ते १४ आणि १५ ते महिनाअखेर. तुम्ही १० तारखेला बुक केलं, पण सप्लायरने पॅकिंगला उशीर केला आणि जहाज १६ला सुटलं, तर नवा रेट लागतो. त्यावर भांडून उपयोग नाही, कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं.

आलेली उत्तरं वाचताना नुसतं भाडं बघू नका. एकाचं भाडं ९०० डॉलर आणि इथले चार्ज ३८ हजार, दुसऱ्याचं भाडं १,००० आणि चार्ज १९ हजार, असं समजा. दुसराच स्वस्त आहे. वहीत एकच रकाना ठेवा: माझ्या गेटपर्यंत एकूण किती रुपये.

सरचार्जची नावं ऐकून घाबरू नका. बीएएफ किंवा एलएसएस म्हणजे इंधनाचा भार. १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या इंधनात गंधकाची मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यावर आली, तेव्हापासून एलएसएस वेगळा दिसू लागला. पीएसएस म्हणजे हंगामाचा. जीआरआय म्हणजे लाइनने जाहीर केलेली सरसकट वाढ, ती बहुधा १ किंवा १५ तारखेपासून लागते. जाहीर होते तेवढी सहसा टिकत नाही. आठवड्याभरात जहाजं रिकामी दिसू लागली की हळूच खाली येते. म्हणून "जीआरआय येतोय, आज बुक करा" या फोनवर लगेच हो म्हणू नका. फक्त तुमचा माल खरंच तयार असेल तर जुन्या रेटवर टाकून मोकळे व्हा.

बाजार वाचायला शिका, भविष्य सांगायला नको

भाडं किती हलू शकतं हे एकदा डोळ्यांखालून घाला. ड्रूरी या लंडनच्या संस्थेचा वर्ल्ड कंटेनर इंडेक्स दर गुरुवारी येतो. चाळीस फुटी डब्यामागे २०१९ची सरासरी १,४२० डॉलर होती. सप्टेंबर २०२१मध्ये तो १०,३७७ला गेला. २०२३च्या ऑक्टोबरपर्यंत पुन्हा १,४००च्या आत आला, आणि जुलै २०२४मध्ये परत ५,९००च्या वर. त्याच धंद्यात, त्याच डब्याला. शांघायचा एससीएफआय हा कंटेनर भाड्याचा निर्देशांक शुक्रवारी येतो, त्याचीही गोष्ट अशीच: जानेवारी २०२२मध्ये ५,१०० अंकांच्या वर, वर्षभरात हजाराच्या आसपास.

या दोन्हींत चीन ते भारत हा मार्ग नाही. ड्रूरीचा इंडेक्स शांघाय, रॉटरडॅम, जिनोआ, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क यांच्यातल्या आठ मार्गांचा आहे. एससीएफआयमध्ये आपल्याला जवळचा म्हणजे पर्शियन आखाताचा मार्ग, तो मी बघतो. आकडा घेऊन फॉरवर्डरशी वाद घालू नका, दिशा बघा. तीन आठवडे सलग चढतोय का, तेवढं पुरतं. आणि बाल्टिक ड्राय इंडेक्स बघून कंटेनरच्या भाड्याबद्दल बोलू नका. तो कोळसा, लोहखनिज, धान्य नेणाऱ्या जहाजांचा आहे. शेअर बाजारवाले मित्र तोच पाठवत राहतात.

आता एक प्रश्न मला हमखास येतो. नोव्हेंबर २०२३पासून येमेनच्या हौथी बंडखोरांनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, लाइन्सनी सुएझ सोडून केप ऑफ गुड होपचा वळसा घेतला. पण निंगबोहून हझिऱ्याला येणारं जहाज सुएझला जातच नाही, मग आमचं भाडं का वाढलं? बरोबर प्रश्न आहे. युरोपच्या फेरीला दहा ते चौदा दिवस जास्त लागू लागले, म्हणजे तेवढ्याच आठवड्याच्या फेऱ्या सांभाळायला जास्त जहाजं लागली. ती कुठून आणली? आपल्यासारख्या छोट्या मार्गांवरून. रिकामे डबेही चीनला उशिरा परत पोहोचू लागले. एसटी महामंडळ आषाढीला पंढरपूरच्या गाड्या सोडतं तेव्हा गावच्या फेऱ्या रद्द होतात, तसंच. एव्हर गिव्हन हे कंटेनर जहाज मार्च २०२१मध्ये सुएझमध्ये सहा दिवस आडवं पडलं, त्याचा परिणामही सहा दिवसांत संपला नव्हता.

उलटही होतं. मागणी पडली की लाइन फेरीच रद्द करते, त्याला ब्लँक सेलिंग म्हणतात. मग जागा कमी, आणि तुमचा डबा पुढच्या जहाजावर ढकलला जातो. धंद्याच्या भाषेत 'रोल झाला'. सगळ्यात स्वस्त रेटवाला डबा आधी रोल होतो, हे लक्षात ठेवा. माल खरोखर तारखेला हवा असेल तर शंभर डॉलर जास्त देऊन थेट सेवा घ्या.

भाडं कधी उतरेल याची वाट बघत माल थांबवणाऱ्यांना मी एकच हिशेब करायला सांगतो. भाडं दुप्पट धरा आणि विक्रीची किंमत तीच ठेवा. धंदा उरतो का? उरत नसेल तर त्या मालात दम कमी आहे, भाड्याचा दोष नाही.

वर्षातले वाईट आठवडे

चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीही येतं. कारखाने कागदावर आठवडाभर बंद असतात, पण कामगार गावाहून परतेपर्यंत तीन-चार आठवडे जातात. त्याआधी सगळ्यांना माल काढायचा असतो, म्हणून आपण उत्तरायणाला गच्चीवर पतंग उडवत असतो तेव्हा तिकडे जागेसाठी मारामारी असते. १ ऑक्टोबरपासून त्यांचा गोल्डन वीक. तो बऱ्याचदा आपल्या नवरात्रात येतो, म्हणजे तिकडे फोन कोणी उचलत नाही आणि इकडे रात्रभर गरबा खेळलेला स्टाफ दुपारी बारापर्यंत जागा होत नाही. दिवाळीचा माल असेल तर ऑर्डर जूनमध्ये, सेलिंग ऑगस्टच्या शेवटापर्यंत. जुलै ते सप्टेंबर अमेरिका-युरोपचाही नाताळचा माल निघतो, त्यामुळे तेव्हाचं भाडं चढंच धरा.

भाड्यावरही ड्युटी लागते

हे फार थोड्यांना आधी ठाऊक असतं. आपलं कस्टम्स मूल्य सीआयएफवर धरतं, म्हणजे माल, भाडं आणि विमा. समजा माल १०,००० डॉलरचा, बेसिक ड्युटी ७.५ टक्के, त्यावर दहा टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, मग १८ टक्के आयजीएसटी. सगळं मिळून २७.७३५ टक्के होतात. भाडं ५०० वरून २,५०० डॉलर झालं तर तुम्ही २,००० डॉलर जास्त देता आणि वर ५५४.७० डॉलर ड्युटीही. त्यातले आयजीएसटीचे ३८९.७० क्रेडिटमध्ये परत येतात, पण तोवर रोख अडकते. बाकीचे १६५ गेले ते गेले.

एफओबी घेतला असेल तर भाड्याचं बिल किंवा फ्रेट सर्टिफिकेट सांभाळा. भाडं सिद्ध करता आलं नाही तर २००७च्या मूल्यांकन नियमांप्रमाणे एफओबीच्या २० टक्के भाडं धरलं जातं. विमा माहीत नसेल तर १.१२५ टक्के. वरच्या उदाहरणात खरं भाडं ५०० असताना २,००० धरलं गेलं तर विनाकारण फटका.

विम्यात कंजुषी करू नका. मे २०२५मध्ये एमएससी एल्सा ३ हे जहाज कोचीजवळ सहाशेहून जास्त कंटेनर घेऊन बुडालं. माल बुडाला नाही तरी सुटका नसते: एव्हर गिव्हनच्या मालकांनी जनरल ॲव्हरेज जाहीर केलं, म्हणजे जहाज सोडवण्याच्या खर्चात डब्यातल्या प्रत्येक मालवाल्याचा वाटा. विमा असेल तर ते विमा कंपनी बघते, नसेल तर तुम्ही स्वतः डिपॉझिट भरा.

कुठल्या बंदरात उतरवायचं

बडोद्याला सोय म्हणाल तर हझिरा सगळ्यात जवळ, पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. न्हावा शेवा आणि मुंद्रा, दोन्ही चारशेच्या पुढे. पण न्हावा शेव्याला जहाजं जास्त येतात, एलसीएलची सोयही चांगली. पूर्ण डबा असेल तर मी आधी हझिरा बघतो. बडोद्याजवळच्या आयसीडीतही (बंदरापासून दूर असलेला कस्टम्सचा कंटेनर डेपो) क्लिअरन्स होतं, घराजवळ. मात्र बीएलवर (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल चढवल्याची जहाज कंपनीची पावती) पोहोचण्याचं ठिकाण सुरुवातीलाच तसं लिहून घ्यावं लागतं. जहाज सुटल्यावर बदलायचं म्हणजे फी, पत्रं आणि दिवस.

बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सला द्यायचा आयातीचा अर्ज, जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायची. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये, पुढे रोज १०,०००. म्हणून जहाज सुटताच कागद सीएचएकडे द्या. बीएल टेलेक्स रिलीज (मूळ प्रतीशिवाय माल सुटतो) आहे की मूळ प्रत कुरिअरने येणार, हे सप्लायरला पैसे सोडण्याआधी ठरवून टाका. मूळ बीएल कुरिअरमध्ये फिरतंय आणि डबा यार्डात उभा, हे मी वर्षातून एकदा तरी बघतोच.

रिकामा डबा परत जाईपर्यंत

आता ते मीटर. दोन वेगळी मीटरं असतात. बंदर किंवा सीएफएस जागेचं भाडं घेतं, त्याला ग्राउंड रेंट म्हणतात. लाइन डब्याचं भाडं घेते, ते डिटेन्शन. फ्री डेज साधारण डिटेन्शनचे असतात आणि डबा जहाजातून उतरल्यापासून मोजले जातात, रविवार आणि सण धरून. मोजणी थांबते कधी? तुमच्या गेटवर माल उतरला तेव्हा नाही, रिकामा डबा लाइनच्या यार्डात जमा झाला तेव्हा.

मागच्या पावसाळ्यात एकाचा डबा मकरपुऱ्यात शुक्रवारी आला. फोर्कलिफ्ट बिघडलेली, "सोमवारी उतरवू." सोमवारी उतरवला, मंगळवारी ट्रेलर हझिऱ्याला गेला, तिथलं यार्ड भरलेलं म्हणून लाइनने दुसरं यार्ड सांगितलं. बुधवारी जमा. फ्री डेज शनिवारी संपले होते, चार दिवस भरावे लागले, तेही डॉलरमध्ये. २१ दिवस मागितले असते तर एक पैसा लागला नसता. सुरुवातीला मागितले तर लाइन बऱ्याचदा देते. डबा आल्यावर मागितले तर कोणी देत नाही.

म्हणून ट्रेलर निघण्याआधी फोर्कलिफ्ट आणि चार माणसं पक्की करा. सील तोडण्याआधी सीलचा नंबर बीएलशी जुळवा, फोटो काढा. माल काढल्यावर आतून झाडून घ्या, खिळे आणि लाकडाचे तुकडे काढा, आणि रिकाम्या डब्याचे आतून-बाहेरून, छपरासकट फोटो ठेवा. नाहीतर 'क्लीनिंग' आणि 'डॅमेज'चं बिल महिनाभराने येतं, तेव्हा सांगायला काही उरत नाही. यार्डात डबा देताना ड्रायव्हरला जी पावती मिळते ती त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर मागवा. नव्या आयातदाराकडून लाइन डब्याचं डिपॉझिट घेते, ते परत मिळवायला तोच कागद लागतो.